आयर्विनला किती?

ऑगस्टमधल्या त्या रात्री आईनं मला फोनवर ‘सदतीस’ सांगितलं. मी ‘बरं’ म्हटलं, जेवलीस का विचारलं, गोळी घेतलीस का विचारलं आणि फोन ठेवून राहिलेल्या दोन पोळ्या लाटायला घेतल्या. पुण्यातही पाऊस होता, पण तो गॅलरीतल्या कुंड्यांवर पडणारा, निरुपद्रवी पाऊस. अर्ध्या तासानं शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. टॉर्चच्या उजेडात सांगलीच्या आयर्विन पुलाचा ओला खांब, त्यावर रंगवलेले फुटांचे आकडे आणि एक्केचाळिसाच्या रेघेला लागलेलं तांबडं पाणी. खाली लिहिलेलं, ‘आत्ताच काढला.’ मी तो फोटो मोठा करून बघितला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. एक्केचाळीसच. तवा तापून धुरावला तरी मी तशीच उभी होते. चार फूट पाणी अर्ध्या तासात चढत नाही. म्हणजे आईनं मला कमी सांगितलं होतं.

मी तिला परत फोन केला नाही. का केला नाही, हे आजही नीट सांगता येणार नाही. ती खोटं बोलली असं मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, हे एक. आणि दुसरं असं, की मला ते सदतीस हवं होतं. चाळिसाला इशारा, पंचेचाळिसाला धोका. सदतीस म्हणजे झोप येऊ शकते. लहानपणी मला ताप आला की ती थर्मामीटर स्वतःकडेच वळवून बघायची, झटकायची आणि म्हणायची, ‘काही नाही, जरासा आहे.’ त्या ‘जरासा’मध्ये किती डिग्री मावायच्या ते मला कधीच कळलं नाही.

सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘किती झालं?’ विचारतात. कशाचं किती, कुठं किती, हे सांगावं लागत नाही. भाजीवाली मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता विचारते, रिक्षावाला मागं न बघता विचारतो, दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं एकमेकांना विचारतात. नदी कृष्णा आहे, पण या प्रश्नात कृष्णेचं नाव नसतं. ‘आयर्विनला किती?’ एवढंच. पाणी ‘चढतंय’, ‘थांबलंय’, ‘इंचानं उतराय लागलंय’. या तीन क्रियापदांवर सगळं गाव दहा-दहा दिवस काढतं. कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, धरणावरच्या नवजाला पाऊस किती पडला, महाबळेश्वराला किती, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पुढं किती जातंय, ही आकडेमोड सातवी शिकलेल्या बायकाही तोंडी करतात. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, त्याच्याही खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघी फुगल्या की आमची कृष्णा पुढं सरकत नाही, तुंबून राहते, हे आम्हाला भूगोलाच्या बाईंनी शिकवायच्या आधी घरात ठाऊक होतं. आणि प्रत्येक आकड्याला एक वस्ती जोडलेली असते. अमुक फुटाला कर्नाळ रस्ता गेला, मग सूर्यवंशी प्लॉट, मग इनामदार प्लॉट, दत्तनगर. पुढं मारुती चौक. मग आमचा गावभाग. तुमचा आकडा यायच्या आधी दुसऱ्या कुणाचा तरी येऊन गेलेला असतो. त्यांच्या गाद्या, पिंपं, शिलाई मशिनी तुमच्या माडीवर आलेल्या असतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी चहा टाकत असता, तुमचा आकडा येऊ नये अशी मनात प्रार्थना करत.

बाबा मला सायकलच्या नळीवर बसवून पाणी बघायला न्यायचे. पुलावर ही गर्दी. कणसं भाजणारे, छत्र्या, रेनकोटातले पोलीस, कठड्याला पोटं टेकवून वाकलेली माणसं. बाबा मला कठड्यापाशी उभं करायचे आणि माझा फ्रॉक मागून मुठीत घट्ट धरायचे. खालून ऊस वाहत यायचा, मुळासकट. एखादं झाड, त्याला अडकलेलं गवत, कडब्याची पेंढी, कुणाच्या गोठ्याचं छप्पर. जलपर्णीचे हिरवे गालिचे यायचे, खांबाला आपटून फाटायचे आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा जुळायचे. पाण्याला वास असायचा. ओल्या मातीचा नव्हे, त्याहून जड. कुजकट गवत, डिझेल आणि शेवाळं मिळून जो होतो तो. आणि आवाज. लांबून पूर मुका दिसतो, पण पुलावर उभं राहिलं की पायांतून आवाज येतो. कमानीत शिरताना पाणी घोगरं होतं. सांगलीवाडीची पोरं कठड्यावर चढून, हात जोडून, धडाधड उड्या मारायची. वर सगळ्यांचा श्वास अडकायचा आणि लांब कुठंतरी खालच्या अंगाला एक काळं डोकं वर आलं की पूलभर ओरडा. हे धोक्याचं होतं, पोलीस हाकलायचे, आणि तरीही त्या ओरडण्यात मीही असायची.

बाबा फूट मोजायचे नाहीत. ते कमानी बघायचे. उन्हाळ्यात नदी खाली असते तेव्हा वरची कमान आणि पाण्यातली तिची सावली मिळून लांबट डोळा होतो. एकापुढं एक असे उघडे डोळे. बाबा म्हणायचे, पूर म्हणजे पुलाचे डोळे मिटत जाणं. ‘अजून उघडे आहेत’ म्हटलं की आम्ही घरी यायचो आणि आज्जी चुलीवरचं पाणी उपसून माझे पाय धुवायची. आज्जी मात्र पुलावर यायची नाही. ती घाटाच्या जेवढ्या पायऱ्या उरल्या असतील तेवढ्या उतरून कृष्णामाईची ओटी भरायची. खण, नारळ, हळद-कुंकू. ‘आलीस, भेटलीस, आता जा माघारी,’ असं अगदी सासुरवाशिणीला समजवावं तसं बोलायची. पाणी उतरलं की तिला वाटायचं आपलं ऐकलं. आणि पाणी उतरलं की मला जरासं वाईट वाटायचं. शाळा सुरू व्हायची म्हणून नाही. काहीतरी मोठं येऊन गेलं आणि आता सगळं पुन्हा नेहमीचं, म्हणून. हे मी कधी कुणाला बोलले नाही. ज्यांच्या घरात चिखल शिरला होता त्यांच्यासमोर ते बोलण्यासारखं नव्हतंच.

आज्जी पुलाला ‘आयरवीन’ म्हणायची. मला कित्येक वर्षं तो ‘आईरवीन’ वाटायचा. नदी माई, म्हणून पूल आई, असं काहीतरी मी डोक्यात जुळवून ठेवलेलं. पाचवी-सहावीत कळलं की ते एका व्हाइसरॉयचं नाव आहे, तेव्हा माझी खरोखर निराशा झाली होती. १९२९ च्या नोव्हेंबरात लॉर्ड आयर्विन सांगलीला आले, संस्थानच्या चिंतामणराव पटवर्धनांनी बांधलेल्या पुलाचं उद्घाटन झालं आणि त्यांचं नाव पुलाला लागलं. त्याआधी पलीकडं जायचं तर होडीनं. पणजोबा १९१४ च्या पुराची गोष्ट सांगायचे म्हणे, नदी फुगली की इस्लामपूरकडचं जग दिसायचं पण हाताला लागायचं नाही. राजधानीचं गाव, आणि पावसाळ्यात नावाड्याच्या मर्जीवर. पूल झाला तेव्हा लोक नुसते चालत पलीकडं जाऊन चालत परत आले असणार. मी तरी तेच केलं असतं.

त्या महिन्याचा विचार केला की मन विचित्र होतं. इकडं तोरणं बांधून व्हाइसरॉयच्या नावाचा पूल खुला होतो आणि महिनाभरात, डिसेंबर १९२९ मध्ये, दिल्लीजवळ त्याच व्हाइसरॉयच्या आगगाडीखाली क्रांतिकारक बॉम्ब उडवतात. त्याच डिसेंबरअखेर लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव होतो. पुढं १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार. आमच्या इतिहासाच्या पेपरात तो पाच मार्कांना यायचा आणि सांगलीच्या सगळ्या पोरांच्या डोळ्यांपुढं त्या उत्तरात पूल यायचा. पूल तेरा-चौदा वर्षांचा असताना, जुलै १९४३ मध्ये, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पावसाळ्याचे दिवस, मागून गोळ्या. दादांच्या खांद्यात गोळी घुसली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव यांचे प्राण गेले. ती माणसं जीव तोडून नदीच्या दिशेनं पळत होती, तेव्हा हा पूल तिथं होता, साहेबाचं नाव मिरवत. दादा पुढं राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि आज त्यांची समाधी नदीकाठीच आहे. नाव मात्र गावाच्या तोंडात तेच राहिलं. मला वाटतं, त्यातला साहेब केव्हाच वाहून गेला. राहिला तो एक सांगलीचा शब्द, त्याचा अर्थ ‘पाणी’ आणि ‘काळजी’ यांच्या मधला कुठलातरी.

कमान कशी उभी राहते हे मला बाबांनी उश्या रचून शिकवलं होतं. दोन लोड भिंतींना टेकवून, मध्ये लहान उश्या कोंबून. वर मी बसले की उश्या खाली पडायच्या ऐवजी एकमेकींना आणखी घट्ट दाबायच्या, जोर बाजूला जायचा, लोडांवर. ‘बघ, वजनच तिला धरून ठेवतंय,’ बाबा म्हणाले. खरं म्हणजे कमानीला भीती वजनाची कमी आणि पाय निसटण्याची जास्त. पुराचं पाणी खांबांच्या मुळाशी खरवडत राहतं, वर कुणाला दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना कमानीचा पूल पुरात गेला, दोन एसट्यांसकट. त्या रात्रीनंतर महाराष्ट्रात ज्या ज्या गावाला इंग्रजांच्या काळातला पूल होता, त्या गावानं आपल्या पुलाकडं वेगळ्या नजरेनं बघितलं. तपासण्या झाल्या, फलक लागले. आमच्या पुलावरून जड गाड्या बंद झाल्या. उसानं भरलेले ट्रक, ज्यांच्या मागं धावत आम्ही कांडी ओढायचो, ते लांबून जाऊ लागले. आता शेजारी नवा पूलही उभा राहिला आहे, सरळ, रुंद, बिनकमानीचा. त्यावरून जाताना नदी आहे हे गाडीतल्या माणसाला कळतही नाही. नवा पूल हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तरी जुन्या पुलावरून अजून स्कूटर, सायकली, लहान गाड्या जाताना बघितल्या की मला बरं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला घरात अजून भाजी निवडायला देतात तसं.

२००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या पुढं गेलं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलं. जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली हळद गेली. बाबांनी आमच्या सोप्याच्या भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. ते म्हणाले, ‘याच्या वर काय येत नाही.’ त्यांच्या बोलण्यात ठाम विश्वास होता आणि आम्ही तो चौदा वर्षं वापरला. माळ्यावर काय ठेवायचं, फ्रिज किती विटांवर, धान्याचा डबा कुठल्या फळीवर, सगळं त्या रेघेवरून.

२०१९ मध्ये सत्तावन्नच्या वर गेलं.

बाबा तेव्हा नव्हते, आणि त्यांना ती रेघ बुडालेली बघावी लागली नाही, हे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेन. आई माडीवर शेजारच्या दोन कुटुंबांबरोबर होती. वीज नाही, फोन पाच-पाच मिनिटं चालू करून बंद करायचे. मी पुण्यात टीव्हीसमोर. पडद्यावर पुन्हा पुन्हा आयर्विन दाखवत होते आणि मी बाबांचे डोळे शोधत होते. कमानी जवळजवळ मिटलेल्या. फक्त वरच्या पापणीसारखी एक एक काळी रेघ. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली, सतरा माणसं गेली. आईचा फोन लागला तेव्हा मी ओरडले, होडीत बसू नकोस, अजिबात बसू नकोस. मग तासाभरानं फोन करून ओरडले, मिळेल त्या होडीत बस. ती दोन्ही वेळेला ‘हो’ म्हणाली. ‘पाणी किती आहे गं?’ मी विचारलं. ‘दारापर्यंत आलंय.’ ती म्हणाली. मला ते पुरलं. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा खालच्या खोलीत, छताच्या वीतभर खाली, चिखलाची सरळ रेघ होती, पट्टीनं मारल्यासारखी. बाबांची रेघ कुठंतरी खाली, गाळाखाली. दारापर्यंत म्हणजे दाराच्या चौकटीपर्यंत, वरच्या. ती खोटं बोलली नव्हतीच तशी.

म्हणून यंदाच्या ऑगस्टमधलं सदतीस मला इतकं लागलं. पाणी त्यावेळी आमच्या बोळात आलंच नाही, त्रेचाळिसाला घुटमळून मागं फिरलं. काही बिघडलं नाही. पण मला वाटत राहिलं की आम्हा मायलेकींमध्ये एवढ्या वर्षांत हा एक आकडाच तर शिल्लक आहे बोलायला. बाकी सगळं ‘बरं आहे’, ‘चाललंय’, ‘तू कशी आहेस’. तो आकडाही जर खरा नसेल तर मग काय.

मार्गशीर्षात चार दिवस काढून गेले. संध्याकाळी आईला म्हटलं, चल, पुलावर जाऊन येऊ. ती म्हणाली, आता काय आहे तिथं बघायला. मग साडी बदलून तयार झाली. टिळक चौकातून हळूहळू गेलो, तिचा गुडघा, माझी पिशवी. पुलावर गार वारा होता. खाली नदी इतकी शहाणी, इतकी सपाट, की ऑगस्टमधल्या बाईशी हिचं काही नातं असेल असं वाटू नये. लांब घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं आणि आवाज हात वर गेल्यावर पोचत होता. मधल्या दोन कमानींचे डोळे पाण्यात पूर्ण उघडे. मागून एक दूधवाला घंटी वाजवत गेला, कॅनवर कॅन आपटत. पूल थोडा थरथरला की मला वाटलं, कोण जाणे. मी कठड्यावरचा हात काढला नाही. दगडात उन्हाची ऊब अजून होती.

‘आई, ऑगस्टात मला सदतीस का सांगितलंस?’

ती बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग म्हणाली, ‘सदतीस म्हटलं होतं का मी?’

‘एक्केचाळीस होतं.’

‘असेल की. मला काय ठाऊक. मी कुठं येते इथं बघायला.’ पदर खांद्यावर ओढून घेत ती पुढं म्हणाली, ‘मी आपली विष्णू घाटाच्या वाटेवरची ती कुंभारणीची पायरी बघते. ती बुडली की वर बांधाबांध. ती दिसत होती. आकडा तुला हवा असतो, म्हणून देते. तुझे बाबा पण फोनवर विचारायचे, मिरजेला नोकरीला असताना. त्यांना पण असाच द्यायचे.’

‘मनानं?’

‘झोप लागेल एवढा.’

मी काही बोलले नाही. अंधार पडत होता. सांगलीवाडीकडचे दिवे लागले आणि पाण्यात लांब लांब झाले. आई म्हणाली, चल, आरतीला गणपतीला जाऊ, उशीर झाला की पेढे संपतात. परतताना तिनं माझा दंड धरला होता, आधाराला. निदान मला तसं वाटलं. पूल संपेपर्यंत लक्षात आलं की मी कठड्याच्या बाजूनं चालत होते आणि तिनं माझी बाही मागून मुठीत धरली होती.

रविवारी पहाटे निघाले. नव्या पुलावरून जाता आलं असतं, गाडी मी जुन्यावरून घेतली. धुकं होतं, खालचं काही दिसत नव्हतं, फक्त दोन्हीकडचे कठडे आणि समोर एक सायकलचा दिवा. पेठ नाक्याच्या रस्त्याला लागायच्या आधी, सांगलीवाडीत, गाडी कडेला घेऊन तिला फोन केला. हा आमचा जुना रिवाज. एसटीनं जायचे तेव्हाही पूल ओलांडला की फोन करायचा, मग पुणं आल्यावर.

‘ओलांडला,’ मी म्हटलं.

‘बरं. डबा पुढच्या सीटवर ठेव, सांडेल.’ मग थोडं थांबून, ‘पाणी किती होतं गं?’

मी बघितलं नव्हतं. धुक्यात दिसलंही नसतं.

‘बारा,’ मी म्हटलं.

‘हां,’ आई म्हणाली. ‘मग ठीक आहे.’